वेर्बिन्याचा गुत्तेदार

मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी चर्च सुटलं आणि एकही माणूस गुत्त्याकडे वळला नाही.

आन्शेल खिडकीशी उभा राहून बघत होता. वेर्बिन्यात चर्च आणि गुत्ता समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. प्रार्थना संपली की बायका घरी आणि बाप्ये गुत्त्यात, हे त्याच्या आजाच्या वेळेपासून चालत आलेलं. त्याने सकाळीच शेगडी पेटवून खोली उबदार केली होती, खारवलेले मासे चिरून त्यात कांदा घालून ठेवला होता, बाकं पुसली होती. लोक बाहेर आले, बर्फात थोडे घुटमळले, टोप्या डोक्यावर चढवल्या आणि घोळक्याघोळक्याने आपापल्या घरी निघून गेले. जाताना कोणी मान वर करून गुत्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एकटा ओनुफ्री रस्ता ओलांडून आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. ओनुफ्री गावातला त्यातल्या त्यात बरा शेतकरी, आन्शेलच्याच वयाचा. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात मासे धरायला जायचे.

"आम्ही शपथ घेतली," ओनुफ्री म्हणाला. "सगळ्या गावाने, क्रुसाला हात लावून. दारूला शिवायचं नाही."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत. आणि तुझ्या सावलीतही उभं राहायचं नाही म्हणालेत फादर, म्हणून इथूनच बोलतोय. राग मानू नको."

मग फादरनी आणखी काय सांगितलं तेही त्याने सांगून टाकलं. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाण्याकडे मिठाचा भाव काय म्हणतात ते सांगावं तसं तो सांगत होता. प्रभू क्रुसावर तहानलेले असताना ज्यांनी त्यांना आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षरस, पाजली, त्यांचेच नातू-पणतू आज आपल्याला दारू पाजतात. तेव्हा प्रभूचा जीव घेतला, आता प्रभूच्या लेकरांचा घेतायत. हे ऐकून बायका रडल्या म्हणे, आणि ओनुफ्रीचा धाकटा भाऊ सेन्को, ज्याला घोड्यावर आडवा टाकून घरी न्यावं लागायचं, तो सगळ्यात आधी उठून शपथेला गेला.

"म्हणजे मी पाजली आंब?" आन्शेलने विचारलं.

"तू असं नाही. तुझ्या लोकांनी," ओनुफ्री म्हणाला, आणि थंडी आहे म्हणून निघून गेला.

आन्शेलने दार लावलं. आंबेची गोष्ट त्याला नवी नव्हती. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी तो खिडक्यांच्या फळ्या लावून आत बसायचा, कारण त्या दिवशी चर्चमधून निघालेल्या पोरांना ज्यूंच्या घरांवर दगड मारायची मुभा असे. आज मात्र त्याच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. रिकाम्या बाकावर बसून त्याने बायकोला, फ्राडेला, हाक मारली आणि म्हणाला की गावाने दारू सोडली असेल तर गुत्ता बंद होईल, आणि गुत्ता बंद झाला तर आपण यातून सुटलो.

फ्राडे हात पुसत आली. "सुटलो म्हणता. आणि सरकारांना कोण सांगणार? तुम्ही?"

"मीच सांगेन. दुसरं कोण आहे?"

गुत्ता आन्शेलचा नव्हताच. इमारत गावाचे जमीनदार बोगुत्स्की सरकार यांची, टेकडीमागची भट्टी सरकारांची, भट्टीत जाणारे बटाटे सरकारांच्या शेतातले आणि ते काढणारे हात वेठीवर आलेल्या गावकऱ्यांचे. दारू गाळून पिंपात भरली की ती आन्शेलच्या दारात येऊन पडायची. ती खपो न खपो, ठरलेला मक्ता त्याला भरावाच लागे. गावकऱ्याला दुसरीकडे कुठे प्यायची परवानगी नव्हती. लग्न असो, बारसं असो, घराघराला ठरावीक माप उचलावंच लागायचं, नाहीतर सरकारांचे दिवाणजी वेठीचे दिवस वाढवायचे. या सगळ्या साखळीत गावकऱ्याला दिसायची ती शेवटची कडी: पळी धरलेला आन्शेलचा हात.

त्याचा आजा ब्रोदीहून इथे आला तो पिंपं बनवणारा कारागीर म्हणून. शहरातल्या कारागिरांच्या संघाने ज्यूला संघात घ्यायला नकार दिला होता, आणि संघात नसलेल्याने रंधा हातात धरला तर तो रंधा जप्त व्हायचा. त्या वेळच्या सरकारांनी त्याला वेर्बिन्यात आणलं. तू शेत मागणार नाहीस, कारण तुला ते मिळत नाही. माझा माल स्वतः पिऊन संपवणार नाहीस. आणि लोक चिडले तर तुझ्यावर चिडतील. असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, आणि आजाने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. आन्शेलच्या घरात ते वाक्य तीन पिढ्या चघळलं गेलं. कोणी त्यावर हसायचं, कोणी पानावरून उठून जायचं.

आन्शेल काही साधुसंत नव्हता. मापात पाणी त्यानेही घातलं होतं, आणि सेन्कोला नको तितकी पाजली होती. एकदा त्याने सेन्कोला नाही म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दिवाणजी दारात उभे, की तू सरकारांचं गिऱ्हाईक परत पाठवतोस म्हणे. त्यानंतर त्याने नाही म्हणणं सोडलं.

शनिवारचा शाबाथ उलटल्यावर तो सरकारवाड्यावर गेला. बोगुत्स्की सरकार काही दुष्ट माणूस नव्हते. आन्शेलला ते नावाने ओळखायचे, त्याच्या लेकीच्या, मिंडलच्या, लग्नाची चौकशी करायचे आणि कुत्र्यांना आवरायला सांगायचे. त्यांनी त्याला उभं ठेवून पण शांतपणे ऐकून घेतलं.

आन्शेलने तीन गोष्टी मागितल्या. गुत्त्याच्या जागी मीठ, खिळे, वंगण, असलं सामान विकायची परवानगी. ते नसेल तर ओढ्याकाठचा पडीक तुकडा कसायला. तेही नसेल तर आजाची विद्या आहे, भट्टीसाठी पिंपं बनवेन, पण पळी नको.

सरकारांनी एकेक करून उत्तर दिलं. मिठाचा मक्ता दुसऱ्याला दिलेला आहे. जमीन ज्यूच्या नावाने लागत नाही, कायदाच आहे, त्याला ते तरी काय करणार. आणि दारूच खपली नाही तर पिंपं कशाला लागणार?

"सरकार, लोक पीत नाहीत. क्रुसावर शपथ घेतलीय."

"आन्शेल," सरकार हसत म्हणाले, "तुझ्या जातीला काही ना काही युक्ती सुचतेच. मी तुझ्यावर सोडतो."

"युक्ती सुचली असती तर इथे कशाला आलो असतो?"

"हे बघ," सरकार शेजारी उभ्या असलेल्या दिवाणजींना म्हणाले, "काय हुशारीने बोलतो. उगाच नाही याच्या आजाला आणलं."

आन्शेल वाड्याच्या पायऱ्या उतरला तेव्हा रागाने त्याचे कान तापले होते. नाही म्हटलं तरी ती हुशारी, आणि हात जोडले तरी ती हुशारीच. आता गप्प बसलो तर म्हणतील, काहीतरी शिजतंय याच्या डोक्यात. वाटेत त्याने बर्फाच्या ढिगाऱ्यावर एक लाथ मारली, ती आतल्या दगडाला लागली आणि तो लंगडत घरी आला.

फ्राडेने पायाला गरम पाण्याची पट्टी बांधली.

मग त्याला वाटलं, फादरकडे जावं. फादर इलारियोन गेल्या शरदात नवे आलेले, तरुण, इकडच्या पाद्र्यांसारखेच लग्न झालेले, पोराबाळांचे बाप, आणि स्वतः थेंबाला न शिवणारे. आधीचा पाद्री गुत्त्यात उधारीवर प्यायचा. हे त्याच्या अगदी उलट. गावातल्या, बापांच्या दारूपायी मेलेल्या पोरांना पुरता पुरता हा माणूस दारूवर उठला होता, आणि ते आन्शेललाही पटत होतं. दोघांचं दुखणं एकच आहे असं त्याला वाटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पाद्र्याच्या घरी पाद्रीणबाईंनी दार उघडलं, त्याला बघून नवऱ्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात पोराला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. फादरनी त्याला बसायला सांगितलं. ते आदराने बोलले. आन्शेलला ते नंतर आठवून जास्तच त्रास झाला.

"तुमची शपथ टिकावी म्हणून मीही देवाजवळ मागतो," आन्शेल म्हणाला.

फादर किंचित हसले. "खरंच?"

"खरंच. मला पळी सोडायचीय. पण भट्टी चालू आहे तोवर पिंपं येत राहणार आणि मला ती घ्यावी लागणार. तुम्ही माझ्याबरोबर सरकारांकडे चला. मी एकटा म्हटलं तर हसतात. तुम्ही म्हटलात तर ऐकतील. भट्टी बंद झाली की गुत्ता आपोआप बंद."

पाद्रीणबाईंनी पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आन्शेलला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, की वेर्बिन्याचा पाद्री सरकारांच्या शिफारशीने नेमला जातो, आणि चर्चचं छप्पर सरकारांनी घालून दिलेलं आहे.

"सरकार श्रद्धाळू आहेत," फादर शेवटी म्हणाले. "त्यांना दोष देऊन काय होणार. पाप विकणाऱ्याच्या हातात असतं. तुम्ही बंद करा ना गुत्ता."

"माझा असता तर बंद केला असता. भिंत त्यांची, पिंप त्यांचं."

"प्रत्येक जण असंच म्हणतो."

"मग मला एक धंदा सांगा, फादर, जो मला करू देतील. एकच सांगा. उद्यापासून करतो."

फादरनी खरंच विचार केला. भुवया आकसून ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले, आणि त्यांना एकही सुचला नाही. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बाप्तिस्मा घ्या," ते म्हणाले. "मी स्वतः तुमचा धर्मपिता शोधून देईन. जमीन मिळेल, संघात नाव लागेल, सगळी दारं उघडतील. तुम्ही लोकांनी नुसतं हो म्हणायचं राहिलंय. इतकी शतकं राहिलंय."

ते मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"आणि नाही घेतला तर?"

"तर मग कारण तुमच्यातच आहे. नाही का?"

आन्शेल उठला. बोलायला त्याच्याजवळ खूप होतं. ती आंब पाजली तिथे मी नव्हतो, माझा आजाही नव्हता, मी ब्रोदीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. दारं तुम्हीच बंद केलीत आणि आता विचारता आत का येत नाही. पण पाद्रीणबाई कडेवरच्या पोराच्या कानावर हात ठेवून उभ्या होत्या, जणू आन्शेल आता काही अभद्र बोलेल. तो टोपी घालून बाहेर पडला. पुढच्या रविवारी फादरनी गावाला सांगितलं की त्या ज्यूच्या मनात पश्चात्तापाची ठिणगी दिसली पण अहंकाराने ती विझवली, त्याच्यासाठी प्रार्थना करा. गावाने प्रार्थना केली.

शपथ मात्र टिकली. आठवडे गेले आणि गुत्त्याच्या मागच्या पडवीत पिंपांवर पिंपं रचली गेली. सेन्को ताठ चालायला लागला, त्याने घराची कौलं शाकारली, त्याच्या बायकोच्या तोंडावर रंग आला. आन्शेल हे खिडकीतून बघायचा आणि त्याला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी मक्त्याची तारीख जवळ येत असल्याने धास्तीही वाटायची. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात कशा राहतात, असं तो फ्राडेला म्हणाला. ती म्हणाली, तुमच्या पोटात काय काय राहतं ते मला विचारू नका, आधी जेवा.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा दिवाणजींनी तोडगा काढला. लोक गुत्त्यात येत नाहीत तर दारू घरोघरी जाईल. प्रत्येक घराने आपलं माप उचलायचं. प्यायची की ओतायची ते त्यांनी बघावं, पण उचलायचं, नाहीतर वेठीचे दिवस वाढतील. गाडी आन्शेलने हाकायची, कारण माप तो देतो. बरोबर घोड्यावर प्रोकिप, सरकारांचा शिपाई.

आन्शेलने एकदा नाही म्हणून पाहिलं. दिवाणजी म्हणाले, मग आजच गुत्ता खाली कर. मिंडलचं लग्न उन्हाळ्यातलं ठरलेलं होतं. घरात आजारी सासू होती. तो गाडीवर चढला.

पहिल्या घरात बाईने बादली पुढे केली, त्याने माप ओतलं आणि तिने त्याच्यादेखत ती बादली उकिरड्यावर उपडी केली. दुसऱ्या घरी म्हाताऱ्याने चाकावर थुंकून दार लावून घेतलं. मग तो मापाचं मडकं उंबऱ्यावर ठेवून पुढे जायला लागला. गाडीमागे पोरं जमली आणि काय काय ओरडायला लागली. प्रोकिप घोड्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत येत होता. एकाही पोराला त्याने हटकलं नाही.

विहिरीपाशी बरीच माणसं होती, त्यांत ओनुफ्रीही होता. तिथे आन्शेलने गाडी थांबवली आणि गाडीवर उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "ही दारू बोगुत्स्की सरकारांची आहे. हा हुकूम दिवाणजींचा आहे. हा शिपाई सरकारांचा आहे. मला ही कोणाच्या दारात टाकायची नाहीये. विचारा याला. प्रोकिप, सांग यांना."

प्रोकिपने बियांची टरफलं थुंकली आणि आभाळाकडे पाहिलं. विहिरीवरची माणसं जमिनीकडे बघत होती. एका बाईने रहाट फिरवायला सुरुवात केली, मग सगळेच आपापल्या कामाला लागले.

ओनुफ्रीच्या दारात आला तेव्हा आन्शेलचा आवाज बसला होता. ओनुफ्रीने माप घेतलं, नाल्यात ओतलं आणि मडकं परत दिलं.

"तुला तर कळतंय ना, ही कोणाची आहे ते?" आन्शेल म्हणाला.

"कळतंय. आम्हीच बटाटे काढले, आम्हीच लाकडं फोडली भट्टीची. कळायला काय झालं?"

"मग विहिरीवर बोलला का नाहीस?"

ओनुफ्रीने रस्त्याच्या टोकाला घोड्यावर बसलेल्या प्रोकिपकडे पाहिलं. "आन्शेल, सरकारांना दगड मारला तर ते मला चाबकाने सोलतील. तुला मारला तर कोणी काही करत नाही. माणसाने राग कुठेतरी काढायचा ना रे?" तो हे समजावणीच्या सुरात बोलला, लहान मुलाला सांगावं तसं. "तू मनाला लावून घेऊ नको."

सेन्कोचं घर शेवटी होतं. आन्शेलने तिथे गाडी थांबवली नाही. प्रोकिपने मागून हाक मारली, एक घर राहिलं. आन्शेल म्हणाला, राहू दे. प्रोकिप घोड्यावरून उतरला, त्याने स्वतः पिंपाची खुंटी काढली, माप भरलं, आणि मग जरा विचार करून दुसरं माप भरलं आणि दोन्ही सेन्कोच्या उंबऱ्यावर ठेवली.

सेन्कोने ती ओतली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो ओढ्यात सापडला, काठावरच्या पातळ बर्फाखाली तोंड पालथं.

त्याला पुरलं तेव्हा फादर इलारियोन खरोखर रडले. या तरुणाने प्रभूला वचन दिलं होतं आणि त्याच्या दारात जाऊन कोणीतरी त्याचं वचन मोडलं, असं ते म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. टेकडीमागून भट्टीचा धूर सरळ वर जात होता, दफनभूमीतून तो स्वच्छ दिसत होता.

लोक तिथूनच आले. भर दुपार होती. सगळ्यांच्या पुढे ओनुफ्री होता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती. दारात आल्यावर तो फ्राडेला हळू आवाजात म्हणाला की म्हातारीला आणि पोरीला घेऊन मागच्या बाजूने पळ. मग त्याने आत जाऊन पहिलं पिंप फोडलं. त्यानंतर बाकीच्यांना कोणी सांगावं लागलं नाही. खिडक्या गेल्या, बाकं गेली, पडवीतून दारू पाटासारखी वाहायला लागली. आन्शेल मध्ये उभा राहून ओरडत होता की माप प्रोकिपने ठेवलं, मी थांबलो नव्हतो, प्रोकिपला विचारा. कोणीतरी बाकाचा पाय त्याच्या हातावर घातला आणि हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. तरी तो तेच ओरडत होता. प्रोकिप रस्त्यावर घोड्यावर बसून होता. दारू वाहून चालली म्हटल्यावर काही जण टोप्यांनी उपसून प्यायला लागले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाची शपथ तिथेच, पडवीत मोडली.

चौकशीला तालुक्याहून बादशहाचा जर्मन बोलणारा अंमलदार आला. नीटनेटका माणूस, त्याने आन्शेलचं सगळं ऐकून घेतलं, मोडका हात बघून त्याला बसायला खुर्ची दिली. आन्शेलला वाटलं, शेवटी एक ऐकणारा भेटला. त्याने आजापासून सुरुवात केली. अंमलदार म्हणाला, गाडीपासून सांगा. मग त्याने गाडीपासून सांगितलं.

प्रोकिपला विचारलं तर तो म्हणाला, ज्यूला कोणी मारू नये म्हणून मी बरोबर होतो, तो कुठे काय ठेवतो ते मी बघितलं नाही. दिवाणजी म्हणाले, असा कोणताही हुकूम नव्हता. मग ओनुफ्रीला आत बोलावलं. दारू कोणी आणली होती, असं अंमलदाराने विचारलं.

ओनुफ्री टोपी हातात फिरवत होता. "गाडीवर आन्शेल होता," तो म्हणाला.

"हुकूम कोणाचा होता?"

"हुकूम मी पाहिला नाही साहेब. आन्शेल पाहिला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आन्शेल खुर्चीतून उठायला लागला तेव्हा अंमलदाराच्या शिपायाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

अंमलदाराने निकाल दिला. खेड्यात ज्यूने दारूचा गुत्ता चालवायला कायद्याने बंदी आहे. ती बंदी कितीतरी वर्षांची होती, आणि आसपासच्या प्रत्येक गावात प्रत्येक सरकाराचा गुत्ता ज्यूच चालवत होता, हे अंमलदारालाही माहीत होतं. बोगुत्स्की सरकारांनी खेद व्यक्त केला की आपला माणूस आपल्याला अंधारात ठेवत होता. आन्शेलने कुटुंबासह गाव सोडायचं ठरलं. कागद पुढे करताना अंमलदार जवळजवळ सहानुभूतीने म्हणाला, "मी इतकी गावं फिरलो. जिथे जावं तिथे हीच तक्रार, आणि तक्रारीत एक ज्यू असतोच. तुम्ही लोकांनी कधीतरी स्वतःला विचारायला हवं, असं का होतं."

"विचारलंय," आन्शेल म्हणाला. "सांगू?"

पण अंमलदाराची गाडी दारात लागली होती.

ब्रोदीत फ्राडेचा मामेभाऊ होता, त्याने एक खोली दिली. मिंडलचं लग्न पुढे ढकललं, मग मोडलं. मुलाकडच्यांना भांडणातली माणसं नको होती. फ्राडेची आई उन्हाळा लागायच्या आत गेली. आन्शेलचा हात वाकडाच जुळला, त्यामुळे पिंपं बनवणं तर राहोच, उचलणंही नीट जमेना. तो बाजारात मामेभावाच्या गाडीवर राखणीला बसायचा.

तिथेच त्याला ओनुफ्री दिसला. तो बदकं विकायला आला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि ओनुफ्री थोडा वेळ बदकांशी खेळत राहिला, मग स्वतःच जवळ आला. तब्येत विचारली. हात कसा आहे विचारलं. मग गावचं सांगायला लागला.

गुत्ता आता प्रोकिप चालवतो. सरकारांनी खिडक्या नव्या बसवून दिल्या. उघडला त्या दिवशी फादर येऊन तीर्थ शिंपडून गेले. आपलाच माणूस गुत्त्यात बसला तर लोक मापात पितील असं त्यांना वाटलं. शपथेचं कोणी काढत नाही. लग्नाबारशाला माप उचलावं लागतं, पहिल्यासारखंच. आणि प्रोकिप पाणी जास्त घालतो.

"मग त्याच्या खिडक्या कोणी फोडल्या का?" आन्शेलने विचारलं.

"प्रोकिपच्या? त्याची बायको माझ्या चुलतीची मुलगी आहे."

"आणि लोक काय म्हणतात? आता तर ज्यू नाही. आता कोण पाजतं?"

ओनुफ्रीने डोकं खाजवलं. "म्हणतात, तुम्ही लोकांनी इतक्या वर्षांची लावलेली सवय आहे, ती अशी एकदम जात नाही." मग आन्शेलचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "मी नाही म्हणत. लोक म्हणतात. सेन्कोच्या दारात माप कोणी ठेवलं ते मला ठाऊक आहे. त्याच्या बायकोने खिडकीतून पाहिलं होतं."

"केव्हापासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग एकदा बोल ना. गावात बोल, फादरना सांग. माझ्यासाठी नको, भावासाठी बोल."

"बोलून सेन्को येणार आहे का?" ओनुफ्री म्हणाला. एक बदक सुटून गाडीखाली गेलं होतं, तो वाकून त्याला धरायला लागला. धरून वर आला तेव्हा त्याने ते आन्शेलच्या हातात दिलं. घे, घरी ने, पैसे नको, असं म्हणाला. आन्शेलने एका धड हाताने ते बदक परत टोपलीत टाकलं. ओनुफ्रीला वाईट वाटलेलं दिसलं. इतकं काय मनात धरून ठेवायचं, असं काहीतरी पुटपुटत तो आपल्या जागेवर गेला.

घरी आल्यावर आन्शेलने टोपी काढली नाही की पाणी मागितलं नाही. फ्राडे चुलीपाशी कोबी चिरत होती. तो तिच्यासमोर उभा राहून सांगायला लागला: ओनुफ्री काय म्हणाला, प्रोकिपने दोन मापं कशी भरली, अंमलदाराने आजापासून का ऐकून घेतलं नाही, फादरना एकसुद्धा धंदा कसा सुचला नाही, आणि सरकारांच्या पायऱ्यांवर त्याने काय बोलायला हवं होतं. हळूहळू त्याचा आवाज चढत गेला. शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर थाप मारली, तरी तो थांबला नाही.

"अहो," फ्राडे म्हणाली, "मला काय सांगताय? मी तिथेच होते ना."

"मग कोणाला सांगू?"

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. "बरं, सांगा," ती म्हणाली. "विहिरीपासून सांगा."